काळ्या पट्टीचा होकार

“मावशी, तोंड उघडा. मी काही आत हात घालून काळीज काढणार नाही,” काकासाहेब डॉक्टर म्हणाले आणि सगुणाबाईंनी तोंड आणखी घट्ट मिटलं.

आमच्या डॉक्टरांना बोलायची रीतच नाही. हात सोन्याचा, पण जीभ अशी की बरा माणूसही खुर्चीवरून उठून पळावा. सव्वीस वर्षं मी हेच निस्तरत आले आहे. मी सगुणाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

“मावशी, माझ्याकडं बघा. डॉक्टरकडं बघूच नका. दाढ सुन्न झाली का न्हाई अजून?”

“झाली वाटतं, भाबी. गाल माझा हाय का दुसऱ्याचा, कळंना.”

“मंग झालं तर. आता उघडा.”

उघडलं. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. “तुझंच ऐकतात सगळे,” अशी ती नजर. ऐकणारच. मस्तगडात आमचा दवाखाना कुठे आहे, असं एखाद्याला विचारा. तो आधी विचारेल, “कोणता, सुगराबी असते तो?” ही बढाई नाही. असेलही, पण खोटी नाही.

सगुणाबाई भोकरदनच्या पुढच्या एका खेड्यातून पहिल्या बसने आल्या होत्या. डाव्या बाजूची खालची दाढ, गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला, दोन रात्री झोप नाही. बरोबर मुलगा कल्याण, पस्तिशीचा, अंगाने दांडगा आणि आईच्या दुखण्याने तिच्याहून जास्त घाबरलेला. तो दाराशीच उभा होता. बस म्हटलं तरी बसेना. आम्ही शटर वर करतो न करतो तोच दोघं जिना चढून आलेली. त्यामुळे सकाळचं माझं सगळं वेळापत्रक कोलमडलं. ते कोलमडलं नसतं, तर ही गोष्ट घडलीच नसती.

आधी काम काय असतं ते सांगते. दाढेच्या मुळात केसासारख्या बारीक नळ्या असतात. त्यातली सडलेली नस काढायची, नळ्या घासायच्या आणि औषधाच्या पाण्याने धुवायच्या. त्या पाण्याला आम्ही हायपो म्हणतो. धोबी कपड्याचा डाग घालवायला जे पाणी वापरतो, त्याचंच ते भावंड. नळीच्या आत गेलं तर घाण जाळतं, जंतू मारतं, त्याच्यासारखं औषध नाही. पण नळीच्या बाहेर, मांसात गेलं की तेच पाणी माणसाला जाळतं. म्हणून डॉक्टर दाढेभोवती रबराचा पडदा लावतात, बाजूला भोक असलेली बोथट सुई वापरतात आणि पिचकारी कधी जोरात दाबत नाहीत.

आणि ते पाणी दिसतं कसं? नितळ. सुन्न करायचं औषध दिसतं कसं? तेही नितळ. शेवटी धुवायचं मिठाचं पाणीसुद्धा नितळच. तिन्ही एकसारख्या प्लास्टिकच्या सिरिंजमध्ये भरून ट्रेमध्ये ठेवायच्या. डावीकडे सुन्न करायचं, मध्ये हायपो, उजवीकडे मिठाचं पाणी. हे भरायचं काम माझं. डॉक्टर हात पुढे करतात, बघत नाहीत. मी जे हातात ठेवीन ते रोग्याच्या तोंडात जातं. दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात डॉक्टर असा डोळे झाकून हात पुढे करतो, सांगा मला.

तो भरवसा मी फुकट कमावलेला नाही.

मला कामाला लागून तिसरं वर्ष होतं. घनसावंगीकडचे रखमाजी म्हणून एक ऊस लावणारे गृहस्थ आले होते. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. मी सिरिंजा भरल्या, मध्येच फोन वाजला, तो घेऊन आले आणि डॉक्टरांच्या हातात सिरिंज दिली. सुन्न करायची म्हणून हायपोची दिली. डॉक्टरांनी ती हिरडीत टोचली. रखमाजींनी डॉक्टरांचं मनगट धरलं ते सोडेनात. बघता बघता अर्धा चेहरा फुगला, डोळा मिटला, पुढे गळ्यापर्यंत काळानिळा झाला. डॉक्टरांनी काही करायचं शिल्लक ठेवलं नाही. बर्फ लावला, औषधं दिली, स्वतःच्या गाडीतून मोठ्या दवाखान्यात नेलं, रात्रभर बसले. पण रखमाजींच्या घरच्यांनी विचारलं तेव्हा म्हणाले, “एखाद्याच्या अंगाला औषध मानवत नाही.” मी शेजारी ट्रे धरून उभी होते. मीही काही बोलले नाही.

तीन महिन्यांनी सूज गेली, ओठाचा डावा कोपरा मात्र कायमचा लुळा राहिला. चहा प्यायले की तिथून ओघळायचा आणि ते उपरण्याने टिपायचे. आणि हा माणूस दर वर्षी गुऱ्हाळ सुरू झालं की गुळाची ढेप घेऊन जिना चढून यायचा. “भाबी, तुमच्या डॉक्टरनी लई केलं माझ्यासाठी.” दर वर्षी मी ठरवायची, यंदा सांगून टाकू. दर वर्षी ढेप घ्यायची आणि चहा करायला आत जायची. तो गूळ माझ्या घरात सगळ्यांनी खाल्ला, मी कधी तोंडात घातला नाही. गेल्या वर्षी रखमाजी वारले. सांगायचं राहून गेलं ते गेलंच.

त्या दिवसापासून मी प्रत्येक सिरिंज हुंगून द्यायला लागले. हायपोला उग्र वास असतो, लपत नाही. डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरांना सांगायचे, “आमच्या सुगराबीचं नाक म्हणजे लॅबोरेटरी आहे.” मी ताठ मानेने फिरायची.

मग कोरोना आला आणि माझा वास घेऊन गेला. महिनाभरात येईल म्हणाले, सहा महिन्यांत येईल म्हणाले. चार वर्षं झाली. घरात डाळ करपली तरी मला कळत नाही. पण दवाखान्यात मी हे कुणाला सांगितलं नाही. नाक गेलेली लॅबोरेटरी कोण ठेवतं? मी मास्क लावायची, सिरिंज नाकापाशी न्यायची आणि हुंगल्याचं सोंग करायची.

सोंगावर रोग्याचा जीव टांगायचा नसतो, एवढी अक्कल मला होती. म्हणून मी पट्टी काढली.

माझे अब्बा, इजहार रंगरेज, याच मस्तगडच्या मागच्या गल्लीत कपडे रंगवायचे. रंग चढवायचं जेवढं काम, तेवढंच उतरवायचंही. रंग उडवायचं पाणी तयार झालं की त्याचा थेंब आधी काळ्या सुती चिंधीवर टाकायचे. चिंधी विटकरी झाली की पाणी जिवंत. आम्हा पोरींना सांगायचे, “पहले उसको हौ बुलवा, बाद में उसके नक्को पे भरोसा कर.” आधी चिंधीकडून ‘हो’ वदवून घे, मग तिच्या ‘नाही’वर भरवसा ठेव. मीही तेच करायची. स्टीलच्या ताटलीत काळी पट्टी. सकाळी सगळ्यांत आधी तिच्यावर हायपोचा थेंब. काळ्याचं विटकरी झालं की पट्टी आजच्या दिवसाला पास. मग टोचायची प्रत्येक सिरिंज देण्याआधी एक थेंब वरूनच पाडायचा, सुई कुठे टेकवायची नाही. काळं राहिलं तर सुन्न करायचं औषध, फार तर मिठाचं पाणी, जे टोचलं तरी जाळत नाही; विटकरी झालं तर हायपो.

डॉक्टर चिडवायचे, “काय गं, नैवेद्य दाखवतेस का?”

“नाकाला जोडीदार आहे, सर.”

डॉक्टरांची मुलगी अर्पिता यंदाच शिकून आली. पोरगी गुणाची आहे. ती म्हणाली, “सुगराचाची, सिरिंजवर रंगीत लेबलं लावली की झालं.” मी म्हटलं, “बेटा, लेबल सांगतं की भरणाऱ्याला काय वाटलं. पट्टी सांगते की आत काय आहे.” तिने मान डोलावली. मला त्या दिवशी जेवण गोड लागलं.

तर त्या सकाळी सगुणाबाई रडत जिना चढून आल्या आणि डॉक्टर ओरडले, “सुगराबी, जल्दी कर.” मी पिशवीतून पट्टी काढून ताटलीत ठेवली. नवी कोरी होती, कडेने छान शिवलेली. माझी सून सबा घरी बुरखे शिवते. माझी पिशवी धुताना तिनेच बदलली असणार. मनात म्हटलं, पोरीचा हात साफ आहे. सिरिंजा भरल्या, सुन्न करायच्या औषधाचा थेंब टाकला, काळं राहिलं, डॉक्टरांना सिरिंज दिली. हायपोचा पहिला थेंब टाकायचा राहिला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा राहिला.

पुढचा अर्धा तास ठीक गेला. डॉक्टरांनी पडदा लावला, दाढ उघडली, नळ्या घासल्या, दोनदा धुतल्या. तिसऱ्या नळीला हात घातला आणि सगुणाबाई खुर्चीतून उसळल्या. तिथली नस जिवंत होती. त्यांचा हात ट्रेला लागला. तिन्ही सिरिंजा ट्रेच्या कडेला घरंगळल्या, एकमेकींवर पडल्या. वापरून झाली की सुई मी लगेच काढून टाकते, त्यामुळे सुईवरूनही डावी कोणती, मधली कोणती, काही कळेना.

“आई गं! डॉक्टर, मारता का काय मला!”

“अजून एक सुई द्यावी लागेल,” डॉक्टर म्हणाले. पडदा सोडवला आणि हात मागे केला. “सुगराबी, सुन्न.”

शहाण्या माणसाने तिन्ही फेकून नव्या भरल्या असत्या. बाटल्या दोन हातांवर कपाटात होत्या. पण माझा माज! माझी पट्टी होती ना. मी तिन्हींना टोचायच्या नव्या सुया लावल्या, पहिलीचा थेंब पट्टीवर पाडला. चार श्वास थांबले. काळं. मी ती डॉक्टरांच्या हातात ठेवली.

ते वाकले. उरलेल्या दोनमधली हायपोची ओळखायला मी दुसरीचा थेंब टाकला. काळं. तिसरीचा टाकला.

काळं.

तिन्हींपैकी एकीत हायपो होतंच. मीच भरलं होतं. आणि पट्टी तिन्हींना नाही म्हणत होती. मी पट्टी बोटांत चिमटून पाहिली. गुळगुळीत, थंड, सुळसुळीत. बुरख्याचं कापड, निदा म्हणतात ते. त्यात सुताचा धागासुद्धा नसतो. त्याच्यावर हायपोची बाटली उपडी केली तरी रंग उडायचा नाही. रंगरेजाची लेक मी, आणि सकाळी हात लावून मला कळलं नाही.

सिरिंजेची सुई सगुणाबाईंच्या हिरडीपासून बोटभर होती.

“सर, थांबा.”

“काय?”

“थांबा म्हणते ना! टोचू नका.”

डॉक्टरांनी हात तसाच धरला. “काय झालं?”

“त्या सिरिंजमध्ये काय आहे मला माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे? वास घे ना.”

खरं सांगते, त्या क्षणी खोटं बोलायला एक सोपी वाट होती. ‘सुई वाकडी बसली, सर’ म्हणायचं, सिरिंज परत घ्यायची, नवी भरायची. कुणाला काही कळलं नसतं. शब्द जिभेवर आलेही. आणि मला रखमाजींचं उपरणं दिसलं, ओठ टिपताना.

“मला वास येत नाही, सर,” मी म्हणाले. “चार वर्षं झाली. कोरोनात गेला, परत आला नाही.”

डॉक्टरांनी सिरिंज खाली ठेवली. मास्कवरून त्यांचे डोळे तेवढे दिसत होते, तेवढे पुरेसे होते. पण बोलायची पाळी आधी कल्याणची आली. तो दारातून तीन ढांगांत खुर्चीपाशी.

“म्हंजी माझ्या आईच्या तोंडात काय घालून राह्यले तुम्ही? तुम्हालाच म्हाईत न्हाई?”

“कल्याणभाऊ, आतापर्यंत जे घातलं ते बराबर होतं. ही एक घालायची राहिली, ती मी थांबवली.”

“अन् न्हाई थांबवली असती तर?”

डॉक्टर मध्ये पडले. “काही नाही हो, जरा गोंधळ झाला. असं होतं कधीकधी.”

असं होतं कधीकधी. हे ऐकलं आणि माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं.

“असं कधीकधी होत नसतं, सर. कुणाच्या तरी हातानं होतं.” मी सगुणाबाईंकडे वळले. त्या तोंड उघडं ठेवूनच माझ्याकडे बघत होत्या. “मावशी, यात दोन पाणी असतात. एकानं दाढ सुन्न होते. दुसऱ्यानं आतली घाण जळती, पण ते मांसात टोचलं तर चेहरा सुजून काळा पडतो. लई वर्षांपूर्वी माझ्या हातानं एका माणसाला ते दिलं गेलं. त्याचा ओठ जलमभर लुळा राहिला. मी त्याला कधी सांगितलं न्हाई. आज तुमच्या बाबतीत मला शंका आली, म्हणून थांबवलं. आता पुढचं करायचं का न्हाई, ते तुम्ही ठरवा.”

डॉक्टरांची मान खाली गेली होती. ती रागाने की कशाने, मला कळलं नाही.

“मला दावा,” कल्याण म्हणाला. “काय व्हतं त्या सुईत, ते मला आत्ता दावा.”

“दाखवते. पण काळं सुती कापड पाहिजे. ही पट्टी कामाची न्हाई.”

सगळे आपापल्या अंगावर बघायला लागले. डॉक्टरांचा पांढरा कोट, माझा हिरवा एप्रन, सगुणाबाईंचं जांभळं लुगडं. कल्याणने दोन क्षण विचार केला, सदरा वर केला आणि कमरेचा करगोटा उचकटला.

“ह्यो चालतो का? सुती हाय. आईनंच वळलाय.”

दुसरी वेळ असती तर मी हसून लोळले असते. त्या वेळी मी कात्रीने करगोट्याचं लोंबतं टोक कापलं आणि त्याचे तीन तुकडे ताटलीत मांडले. तिन्ही सिरिंजांचा एकेक थेंब टाकला. कल्याण, डॉक्टर, मी, सगळे वाकून बघत होतो. सगुणाबाईही खुर्चीतून मान उंचावून. तिसरा धागा आधी तपकिरी झाला, मग विटकरी. दुसरा काळा. आणि पहिला, डॉक्टरांच्या हातातल्या सिरिंजचा, तोही काळाच.

डॉक्टरांनी मास्क खाली करून दोन्ही काळ्यांचा वास घेतला, एकेक थेंब बोटावर घेऊन जिभेला लावला. “हे खारट, मिठाचं पाणी. आणि हे सुन्न करायचं. जीभ बधिर झाली.”

“मंग बराबरच व्हती की सुई!” कल्याण म्हणाला. “उगं घोर लावला.”

“बराबर होती, भाऊ,” मी म्हटलं. “पण मला म्हाईत नव्हतं.”

डॉक्टरांनी तिन्ही सिरिंजा डब्यात फेकल्या. कपाटातून बाटल्या काढल्या आणि नव्या स्वतः भरल्या. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी भरल्या आणि मी बघत उभी राहिले. सगुणाबाईंनी तोंड मिटलं, घोट गिळला, पुन्हा उघडलं. त्या दिवसापुरतं काम झालं, तिसऱ्या नळीतली उरलेली नस पुढच्या खेपेला ठेवली. तात्पुरतं सिमेंट भरलं, आठ दिवसांनी या म्हटलं.

ते मायलेक जिना उतरेपर्यंत डॉक्टर बेसिनपाशी हात धूत राहिले. मग पाठमोरेच बोलले.

“चार वर्षं, सुगराबी?”

“होय, सर.”

“मी डोळे झाकून हात पुढे करत होतो.”

“पट्टी होती, सर. पट्टी कधी चुकली नाही.”

“पट्टी माझ्या नोकरीला नव्हती. तू होतीस.” नळ बंद केला. “आणि रखमाजींचं त्या लोकांसमोर काढायची काय गरज होती?”

मी ताटलीतले करगोट्याचे तुकडे गोळा करायला लागले.

“उद्यापासून बाहेर टेबलावर बस. नंबर लाव. आतलं अर्पिता बघेल.”

घरी गेले तेव्हा सबा दारातच भेटली. “अम्मी, पट्टी कैसी लगी? पुरानी कित्ती खराब हो गई थी.” इतक्या हौसेने विचारलं तिने. मी म्हटलं, “बहोत अच्छी सिली, बेटा.” ते खरंच होतं, शिलाईत काही खोट नव्हती. मग आत जाऊन पांघरूण डोक्यावर घेतलं आणि रडले. नोकरीवर राहिले होते, पगार तोच होता, उलट काम हलकं झालं होतं. रडू त्याचं नव्हतं. माझ्याकडे बघून आता कुणी हात पुढे करणार नव्हतं, त्याचं होतं.

आठ दिवस बाहेर बसले. नंबर लावले, चपला सरळ केल्या, लहान पोरांना गप्प केलं. आतून अर्पिताचा आवाज यायचा, “पप्पा, निळं लेबल सुन्न, लाल लेबल हायपो.” पोरगी बरोबर करत होती. मला तिच्यात खोट काढायची फार इच्छा होती, सापडली नाही.

नवव्या दिवशी सगुणाबाई आल्या. सूज उतरलेली, केस चापूनचोपून, हातात कापडी पिशवी. मला पाहिलं आणि म्हणाल्या, “भाबी, तुम्ही हितं कामून?”

“आता हितंच असती, मावशी. जा आत, तुमचाच नंबर हाय.”

त्या आत गेल्या. दार अर्धवट उघडंच होतं. खुर्ची खाली घेतल्याचा आवाज आला, मग डॉक्टरांचा, “तोंड उघडा.” पुन्हा, “मावशी, तोंड उघडा.” अर्पितानेही सांगून बघितलं. मग सगुणाबाईंचा आवाज, दाराबाहेरच्या सहा रोग्यांना ऐकू जाईल असा.

“भाबी कुठाय? तिला आत बलवा.”

“मावशी, तिला वास येत नाही. तुम्हीच ऐकलंत ना? तुमच्याच भल्यासाठी...”

“ऐकलं की. मलाबी डाव्या कानानं ऐकू येत न्हाई. तिनं चार वर्सं दडवलं, ते चुकलंच तिचं. पर जवा सांगायचं तवा सांगितलं का न्हाई? सुई बराबर असून थांबवली तिनं. स्वतःच्या तोंडानं सांगितलं, मला म्हाईत न्हाई म्हून.” मग त्या म्हणाल्या, “डॉक्टर, राग धरू नका. तुम्ही सांगितलं असतं का?”

बाहेर बाकड्यावर बसलेला एक म्हातारा माझ्याकडे बघायला लागला. मी रजिस्टरात डोकं घातलं. मला वाटलं, आता हे चिडणार, बाईला उठवून पाठवणार. आतून अर्पिता “पप्पा?” म्हणाली.

“नसतं सांगितलं,” काकासाहेब डॉक्टर म्हणाले. “एकदा नव्हतं सांगितलं.”

मग खुर्ची सरकली आणि दार पूर्ण उघडलं. डॉक्टर दारात उभे होते, मास्क हनुवटीवर, चेहरा थकलेला. सव्वीस वर्षांत या माणसाने मला कधी ‘ये’ म्हणून बोलावलं नव्हतं, नुसती हाक मारायचे.

“सुगराबी, आत ये.”

मी हात धुतले. एप्रन चढवला. आत गेले तेव्हा सगुणाबाई खुर्चीत उठून बसल्या होत्या आणि पिशवीत काहीतरी शोधत होत्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक घडी काढली आणि माझ्या हातात दिली. उलगडली. वीतभर रुंद, हातभर लांब काळं कापड. धुवून धुवून मऊ झालेलं, पण काळं तसंच गर्द.

“चंद्रकळा हाय माझी,” त्या म्हणाल्या. “लग्नानंतर पयल्या संक्रांतीला सासूनं नेसवली व्हती. फाटली तवा गोधडीत घातली. परवा गोधडी उसवली अन् एवढी चांगली निघाली. सुती हाय, भाबी. हात लावून बघा.”

मी हात लावून बघितला. दोन बोटांत धरून चोळलं, धागा ओढून पाहिला, जसे अब्बा पाहायचे. सुती होतं. मग म्हणाले, “मावशी, संक्रांतीची चंद्रकळा अशी कापायची असती का?”

“गोधडीत तरी काय करत व्हती? थंडीच भागवत व्हती,” सगुणाबाई म्हणाल्या. “हितं उपेगाला येईल. करा तुमचं काम.”

अर्पिताने काही न सांगता स्टीलची ताटली पुढे केली. मी कापडाची पट्टी कापून तिच्यात अंथरली. तिने बाटल्यांतून सिरिंजा भरल्या, निळं लेबल लावलं, लाल लावलं. मी लाल लेबलाची उचलली आणि पहिला थेंब पाडला.

आम्ही सगळे बघत थांबलो. काळ्यावर थेंब नुसताच ओला दिसला. मग त्याची कड तपकिरी झाली, मग मधला भाग, आणि मग चंद्रकळेवर विटकरी रंगाचा गोल स्वच्छ उमटला. पट्टी हो म्हणाली. मी निळ्या लेबलाची घेतली. थेंब टाकला. चार श्वास थांबले, आणखी चार थांबले. काळं होतं, काळंच राहिलं.

डॉक्टरांनी मागे न बघता हात पुढे केला. मी सिरिंज त्या हातावर ठेवली नाही, आधी सगुणाबाईंच्या डोळ्यांपुढे धरली.

“मावशी, यात सुन्न करायचं औषध हाय,” मी म्हणाले. “मला म्हाईत हाय.”

सगुणाबाईंनी तोंड उघडलं.